तळ्यातला पाणशेपू आणि आपले विसर्जन

॥ श्री गणेशाय नमः ॥



यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी अभ्यासपूर्ण लिहून द्या" अशी प्रेमळ आज्ञा मंडळाकडून झाली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले खरे, पण आता निवृत्तीनंतर पॉइंट कुकला मुलाकडे राहायला आल्यापासून माझा अभ्यास म्हणजे नातवाचा गृहपाठ आणि परसातली कोथिंबीर! परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक चूक घडली आणि त्या चुकीने मला पुन्हा विद्यार्थिनी केले. त्या अभ्यासाचा विषय आपल्या घराजवळच्या तळ्यांतच वाढतो आणि त्याचा आपल्या उत्सवाशी थेट संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

चूक कोणती घडली?

त्या वर्षी भारतातून येताना एका नातेवाइकांनी सुंदर रंगकाम केलेली, वीतभर उंचीची गणेशमूर्ती आणली होती. पाच दिवस यथासांग पूजा झाली. विसर्जनाच्या संध्याकाळी आम्ही घरचे चौघे आरती म्हणत जवळच्या तळ्यावर गेलो. दोन दिवस चांगला पाऊस झाल्याने तळे काठोकाठ भरले होते. मूर्ती पाण्यात सोडली, पाठोपाठ निर्माल्याची पिशवीही रिकामी केली आणि "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून भरल्या डोळ्यांनी परतलो. साताऱ्याला लहानपणापासून असेच पाहिले होते. त्यात काही वावगे आहे असे माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेच्याही मनात आले नाही, हे कबूल करायला हवे.

चार दिवसांनी सकाळी फिरायला गेले, तर तळ्याचे पाणी हातभर खाली उतरलेले. पावसाचे पाणी साठवून ते दोन-तीन दिवसांत हळूहळू पुढे सोडायचे, अशीच या तळ्यांची रचना असते हे मला नंतर कळले. काठच्या चिखलात आपला बाप्पा एका कुशीवर पडलेला होता. एक हात तुटलेला, रंग पोपडे होऊन सुटलेले, आणि सोंडेवर झेंडूच्या कुजक्या पाकळ्या. मी तिथेच मटकन बसले. ज्याची पाच दिवस प्राणप्रतिष्ठा करून पूजा केली त्याची ही अवस्था माझ्या हाताने झाली होती.

घरी येऊन मुलाला उठवले. बागेतला लांब दांड्याचा दाताळा घेऊन आम्ही दोघे गेलो आणि काठावर उभे राहूनच मूर्ती हळूच ओढून घेतली. दाताळ्याबरोबर थोडा काळा चिखल आणि केसासारख्या बारीक हिरव्या पात्यांचा एक झुबकाही आला. घरी मूर्ती धुताना त्या चिखलात पांढरटसा, वाटाण्यापेक्षाही लहान असा एक कंद सापडला. त्याच्या टोकाला हिरवा कोंब फुटला होता.

नातू म्हणाला, "आजी, हा साबुदाणा चिखलात कसा गेला?"

पोराने गमतीने विचारले, पण तो फारसा चुकला नव्हता. अमेरिकेत या वनस्पतीला सॅगो पाँडवीड म्हणतात, आणि सॅगो म्हणजेच साबुदाणा!

ओळख करून घेऊ या

इकडे ऑस्ट्रेलियात तिला फेनेल पाँडवीड म्हणतात. फेनेल म्हणजे बडीशेप. पाण्यात डोलणारी तिची बारीक पाती पाहिली की बडीशेपेची किंवा शेपूची जुडी आठवते. मराठीत तिला सर्वमान्य नाव नसल्यामुळे आम्ही घरात तिचे नाव "पाणशेपू" ठेवले आहे. हे शास्त्रीय नाव नव्हे, आमचे घरगुती नाव आहे. या लेखापुरते तेच वापरते.

शास्त्रीय नाव द्यायचे तर लिनियसने १७५३ साली तिला पोटॅमोगेटॉन पेक्टिनाटस म्हटले. ग्रीक भाषेत पोटॅमोस म्हणजे नदी आणि गेटॉन म्हणजे शेजारी. म्हणून पोटॅमोगेटॉन म्हणजे "नदीची शेजारीण". लॅटिनमध्ये पेक्टिनाटस म्हणजे फणीसारखा. पुढे १९१२ साली बोर्नर या जर्मन शास्त्रज्ञाने तिला वेगळ्या प्रजातिसमूहात टाकले आणि आज स्टकेनिया पेक्टिनाटा हे नाव रूढ आहे. अंटार्क्टिका सोडून जगाच्या सर्व खंडांत ती सापडते. व्हिक्टोरिया राज्यात ती मूळचीच आहे. आपल्या भारतातही आहे: काश्मीरच्या दल सरोवरात आहे, ओडिशाच्या चिल्का सरोवरात आहे. थोडक्यात, आपल्याला व्हिसा लागतो, तिला लागत नाही!

आता एक गैरसमज दूर करू. पाण्यातले जे जे हिरवे ते ते शेवाळ, असे आपण सरसकट म्हणतो. खरे शेवाळ म्हणजे मूळ, खोड, पान, फूल यांपैकी काहीच नसलेली साधी वनस्पती. पाणशेपूला मात्र हे सर्व आहे. ती सपुष्प आणि एकदल वनस्पती आहे, म्हणजे बाप्पाच्या दूर्वेप्रमाणेच एका दलाच्या मोठ्या कुळातली. हरितालिकेला आणि चतुर्थीला आपण जी पत्री गोळा करतो, त्या माका, बेल, शमी, आघाडा, रुई, केवडा वगैरे एकवीस पानांत पाण्याखाली वाढणारे एकही पान नाही. तेव्हा या बावीसाव्या पानाची ओळख आपली आपणच करून घ्यायला हवी.

ओळखायची कशी?

पाण्यात हात न घालता, काठाला वाहून आलेला एखादा तुटका तुकडा भिंगाखाली पाहा. पाते लांब, दोऱ्यासारखे, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद असते. खोड बारीक, फांद्याफांद्यांचे आणि पाणी खोल असेल तर दीड-दोन मीटरपर्यंतही लांब होते. पृष्ठभागावर तरंगणारी रुंद पाने तिला कधीच येत नाहीत.

सर्वांत खात्रीची खूण पानाच्या बुडाशी आहे. तिथे पाते खोडाला एखाद्या म्यानासारखे वेढते, आणि हे म्यान जिथे संपते तिथे पातळ पापुद्र्याची छोटी जीभ दिसते. ज्वारीचे किंवा उसाचे पान सोलताना असाच पापुद्रा आपण पाहिलेला असतो. पाते ओढले की म्यानही सोबत येते, कारण दोन्ही एकमेकांना चिकटलेली असतात. याच खुणेमुळे तिला इतर पाँडवीडांतून वेगळे काढले गेले.

समुद्राजवळच्या खारट पाण्यात रुप्पिया नावाची तिची एक जुळी वाटावी अशी वनस्पती असते. फळे आली की फरक लगेच कळतो. रुप्पियाची फळे लांब देठांवर छत्रीच्या काड्यांसारखी पसरतात. पाणशेपूची फळे मात्र देठाविना, एकाच दांडीवर टप्प्याटप्प्याने बसलेली असतात. मला पक्के नाव ठरवायला नाताळच्या सुटीत फळे येईपर्यंत थांबावे लागले.

पाण्याखालचा संसार

पाण्याखाली राहायचे म्हणजे तीन अडचणी: हवा कमी, उजेड कमी आणि सतत प्रवाहाचा ओढा. पाणशेपूने या तिन्हींवर तोड काढली आहे.

जमिनीवरच्या झाडाची पाने रंध्रांनी श्वास घेतात आणि सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर मेणचट थर असतो. पाणशेपूला या दोन्हींची गरज नाही. तिच्या पात्याची त्वचा इतकी पातळ असते की पाण्यात विरघळलेले वायू आणि क्षार ती थेट शोषून घेते. हरितद्रव्यही अगदी वरच्या थरातच असते, म्हणजे मिळेल तो उजेड वाया जायला नको. म्हणूनच तिला पाण्याबाहेर काढले की काही मिनिटांतच ती ओल्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखी लोळागोळा होते.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पात्याभोवतीचा साठा संपला की पुढचा लवकर येत नाही. अशा वेळी पाणशेपू पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारातून कार्बन मिळवते. कडक पाण्यात हे घडताना पानावर चुन्याची पांढरट पुटे चढतात, आणि झुबका हाताला खरखरीत लागतो. ते रोगाचे लक्षण नव्हे, तिच्या स्वयंपाकाची राख आहे असे समजा.

मुळे ज्या चिखलात असतात तिथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून खोडात आणि पानांत पोकळ नळ्या असतात. पानांनी तयार केलेला प्राणवायू या नळ्यांतून थेट मुळांपर्यंत पोचतो. शाळेत आपण हायड्रिलाचा प्रयोग केला होता, आठवतो का? चंचुपात्र, उलटे नरसाळे, त्यावर परीक्षानळी आणि उन्हात ठेवल्यावर वर जाणारे बुडबुडे! तेच काम इथे तळ्याच्या तळाशी दिवसभर चालू असते.

आणि प्रवाहाचे काय? महापुरात झाडे जातात पण लव्हाळे टिकते, हा दृष्टांत आपल्या संतांनी सांगितला आहेच. पाणशेपूच्या खोडात लाकूडपणा नसल्यात जमा. पाण्याने ओढले की वाकायचे, पाणी ओसरले की पुन्हा उभे राहायचे, एवढेच तिला ठाऊक.

फूल, फळ आणि साबुदाणा

उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ एक बारीक दांडी येते. तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने फुलांचे तीन ते पाच वळसे असतात. प्रत्येक फुलात चार पुंकेसर आणि चार स्त्रीकेसर असतात. रंग-गंध काही नाही, कारण इथे भुंग्याला बोलवायचेच नाही. पराग पाण्यावर सांडतात आणि तरंगत तरंगत दुसऱ्या फुलाला जाऊन लागतात. त्यातून तीन ते पाच मिलिमीटरची कठीण फळे तयार होतात.

पण पाणशेपूचा खरा भरवसा बियांपेक्षा कंदांवर असतो. चिखलातून आडव्या धावणाऱ्या खोडांच्या टोकाला, बोटभर ते वीतभर खोलीवर, ती पिठूळ कंद साठवते. थंडीत वरचा पसारा बहुतांशी झडून जातो आणि पुढच्या वसंतात या कंदातून नवा कोंब निघतो. त्या कोंबाला आधी प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलातून वर यायचे असते. ब्रिटनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात प्रयोग करून दाखवले की प्राणवायू पूर्ण काढून घेतला तर या कंदाचा कोंब मरत तर नाहीच, उलट हवेत असताना वाढेल त्याहून अधिक वेगाने लांब होतो! पाण्याखाली पेरलेल्या भाताचा पहिला कोंबही असाच प्राणवायूवाचून लांबतो. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नकोच.

मात्र ही धाव उधारीवर असते. कंदातल्या पिठाची शिदोरी संपायच्या आत कोंब उजेडात पोचला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर कोंब चिखलाबाहेर येऊनही अंधारातच राहतो आणि उपाशी मरतो. वाचकहो, हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. विसर्जनाचा विषय इथेच येऊन मिळणार आहे.

पाहुणे आणि पंगत

हा पाण्याखालचा साबुदाणा पक्ष्यांना फार प्रिय आहे. युरोपात रशियाच्या उत्तर टोकाकडून येणारे बेविक हंस नेदरलँड्समध्ये उतरतात, पायांनी चिखल खणून नेमके हेच कंद खातात आणि पुढच्या प्रवासाची ऊर्जा मिळवतात. आपल्याकडे पॉइंट कुकला काळे राजहंस आहेत. मान पाण्यात खोल बुडवून, शेपटी वर करून ते काय करतात असा प्रश्न मुलांना पडतो. ते पाणवनस्पती ओढून खात असतात.

दुसरा पाहुणा म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी. इथे त्याला कूट म्हणतात. मराठीत त्याचे नाव आहे वारकरी! कपाळावरचा तो टिळा पाहून ज्या कुणी हे नाव ठेवले त्याला मनोमन नमस्कार. परदेशात एकटे वाटू लागले की मी तळ्यावर जाऊन वारकऱ्यांची दिंडी पाहून येते.

हे पाहुणे नुसते जेवून जात नाहीत, आहेरही करतात. कठीण फळांपैकी काही पक्ष्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात, काही चिखलाबरोबर पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यावर जातात. चार्ल्स डार्विनने एका लहानशा तळ्याच्या काठचा चिखल घरी आणून ठेवला आणि त्यातून उगवणारे एकेक रोप मोजले. न्याहारीच्या कपात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे उगवली! १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने हा आकडा दिला आहे. अशी ही नदीची शेजारीण पंखांवर बसून जगभर पोचली.

आपला परिसर या पाहुण्यांसाठी मुद्दाम राखलेला आहे. पॉइंट कुकच्या किनाऱ्यावरची चीटहॅम पाणथळ जागा म्हणजे पूर्वीची मिठागरे. तिथून जवळ वेरिबी येथे १८९० च्या दशकात सुरू झालेले सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. मेलबर्नच्या जवळजवळ निम्म्या सांडपाण्यावर तिथे प्रक्रिया होते आणि तिथली तळी पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहेत. हा सारा पश्चिम किनारा १९८२ पासून रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेला आहे.

स्वच्छ तळे आणि गढूळ तळे

आमच्या वस्तीतले काही शेजारी म्हणतात, "तळ्यात वीड झाले आहे, सगळे उपटून टाका." नावात वीड आहे म्हणून ते तण झाले असे नव्हे. होडी चालवायच्या जागी किंवा पाणी वाहण्याच्या तोंडाशी ते अति वाढले तर कापावे लागते, हे खरे. पण सगळे उपटले तर काय होते?

नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी १९९३ पासून उथळ तळ्यांविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. उथळ तळे दोन अवस्थांत स्थिर राहू शकते: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी गढूळ पाण्याची. पाण्याखाली वनस्पती असतील तर त्या तळाचा गाळ धरून ठेवतात, पाण्यातले नत्र आणि स्फुरद वापरतात, आणि पाणपिसवांसारख्या सूक्ष्म जिवांना लपायला जागा देतात. हे जीव तरंगते सूक्ष्म शेवाळ खातात. पाणी स्वच्छ राहते, उजेड तळाशी पोचतो, आणि वनस्पती आणखी वाढतात. पण वनस्पती एकदा गेल्या की हेच चक्र उलटे फिरते. गाळ उठतो, शेवाळ वाढते, उजेड अडतो आणि नवे कोंब वर येऊच शकत नाहीत. एकदा गढूळ झालेले तळे, मूळ कारण दूर केले तरी सहजासहजी परत स्वच्छ होत नाही. संसाराचे असेच असते नाही का? विश्वास टिकवणे सोपे, गमावलेला परत मिळवणे अवघड.

महाराष्ट्रात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्यात, मुंबईच्या पवईत, पुण्याच्या पाषाण तलावात सांडपाण्याच्या खतावर जलपर्णी माजली. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, पाण्यावर तरंगणारी. तिने पृष्ठभाग झाकला की खाली अंधार, आणि तळच्या वनस्पती संपतात. वर हिरवेगार दिसते, पण खाली स्मशान.

पॉइंट कुकच्या बहुतेक तळ्यांना एक कामही नेमून दिलेले आहे. आपल्या रस्त्यांवरचे आणि छपरांवरचे पावसाचे पाणी गटारांतून सांडपाणी केंद्राकडे जात नाही. ते नाले, तळी आणि ओढे यांतून पोर्ट फिलिपच्या उपसागरात जाते. उपसागराच्या मोठ्या शास्त्रीय पाहणीनंतर १९९६ साली तिथे जाणारे नत्र वर्षाला १००० टनांनी कमी करावे अशी शिफारस झाली होती. आपली तळी म्हणजे या कामातली गाळणी, आणि पाणवनस्पती म्हणजे त्या गाळणीचे कापड.

आता विसर्जनाकडे

भारतात गणेशोत्सव पावसाळ्याच्या शेवटी येतो. नद्या दुथडी भरलेल्या, आधीच गढूळ आणि वाहत्या. इथे तोच उत्सव दक्षिण गोलार्धातल्या वसंताच्या तोंडावर येतो. तळे लहान, उथळ आणि साचलेले. तळाशी कंदांना नुकते कोंब फुटत असतात आणि काठावर राजहंसांची पिल्ले असतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात पाणशेपूला उजेडाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच पंधरवड्यात आपण पाणी ढवळतो. गावी जे चालून गेले ते इथे चालेलच असे नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती पाण्यात जिप्सम होऊन राहते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. साचलेल्या पाण्यात मूर्ती कित्येक महिने तशीच पडून राहू शकते. जे विरघळते त्यातल्या सल्फेटापासून प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात, आणि तो मुळांना विषारी असतो. शाडूची मूर्ती विरघळते हे उत्तमच, पण शाडू म्हणजे अतिशय बारीक माती. ती पाण्यात बराच वेळ तरंगते आणि पात्यांवर बसून उजेड अडवते. निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि शेवाळाला खत पुरवते.

एका घरच्या मूर्तीने तळे मरते असे मी म्हणणार नाही. ते खरे होणार नाही. पण आपला समाज इथे वर्षागणिक वाढतो आहे, आणि प्रत्येकाने "माझी एकच तर आहे" म्हटले तर शंभर होतात.

मायदेशातही हा विचार पुढे गेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये सुधारित तत्त्वांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशा मूर्ती विरघळवण्याची पद्धत शोधली. तळाशी चुना बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरते. पुणेकर ती वर्षानुवर्षे वापरत आहेत. म्हणजे घरी विसर्जन करणे ही काही परदेशी पळवाट नव्हे.

आम्ही काय करतो

त्या घटनेनंतर आम्ही घरात ठरवलेले नियम इथे देते. उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून.

१. मूर्ती साध्या मातीची, लहान आणि शक्यतो रंगाविना. गेली दोन वर्षे नातू स्वतःच मळून करतो. सोंड थोडी जाड होते, पण बाप्पा चालवून घेतो.

२. विसर्जन घरच्या मोठ्या घंगाळात. आरती, मंत्रपुष्पांजली, हातावर दही, सारे तसेच. दुसऱ्या दिवशी ते मातीचे पाणी मोगऱ्याच्या वाफ्यात. रस्त्याकडेच्या गटारात मात्र मुळीच नाही, कारण ते शेवटी तळ्यातच जाते.

३. निर्माल्य खतखड्ड्यात. दोरा, जरी, प्लास्टिक आधी वेगळे.

४. घरातल्या मत्स्यपेटीतली झाडे किंवा मासे तळ्यात सोडायचे नाहीत. मत्स्यपेट्यांतून आलेले कॅबोम्बा १९९९ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. कार्प माशांनी तर तळ उकरून इथल्या कित्येक पाण्यांतल्या मऊ वनस्पती नाहीशा केल्या आहेत.

५. राजहंसांना आणि वारकऱ्यांना पाव टाकायचा नाही. त्यांची पंगत पाण्याखाली मांडलेली आहे.

सुरुवातीला माझ्या मनाला हे पटवणे सोपे गेले नाही. वाहत्या पाण्याशिवाय विसर्जन पूर्ण होते का, असा प्रश्न आतून येई. मग विचार केला: पार्थिव पूजा म्हणजे मातीचा देव मातीला परत देणे. ती माती तळ्याच्या काठावर तुटक्या हाताने पडून राहिली, तर परत दिली असे कसे म्हणायचे? आमच्या वाफ्यात ती खरोखर मातीत मिळते, आणि वसंतात त्याच मोगऱ्याची फुले पुढच्या पूजेला येतात.

ती तुटलेली मूर्ती? ती मी टाकली नाही. धुऊन, पुसून, क्षमा मागून परसातल्या कोपऱ्यात ठेवली आहे. रोज सकाळी तिच्याकडे पाहून मी तळ्यावर जाते. या दिवसांत पाणी नितळ असेल तर काठावरून खाली डोकावून पाहा. तळाशी हिरवे दोरे नुकतेच वर येऊ लागलेले दिसतील. त्यांना उजेड मिळू द्या. ही देखील त्या विघ्नहर्त्याची सेवाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!

— एक निवृत्त शिक्षिका, पॉइंट कुक